मदतीची हाक छापून का येत नाही?

चारकोपच्या कोणत्याही नाक्यावर उभे राहा. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक डोक्यावर लटकलेले दिसतील. स्थानिक साप्ताहिक उघडा, तेच चेहरे पानापानांवर हात जोडून उभे. केबलच्या स्थानिक वाहिनीवर खालून सरकणाऱ्या पट्टीत साड्यांचा सेल, क्लासचे प्रवेश आणि पुन्हा शुभेच्छा. या गर्दीत 'मुलांना रोज एक तास शिकवायला माणूस हवा आहे' अशी ओळ कधी वाचल्याचे वाचकहो, आपल्याला आठवते काय? आम्हाला तरी आठवत नाही.

माणसे मात्र हवी असतात. विहारालगतच्या खोलीत दहावीच्या मुलांचा मोफत वर्ग चालतो आणि गणित शिकवणारा तरुण नोकरीसाठी बाहेरगावी जातो, की वर्ग अडतो. मुले वह्या उघडून बसतात आणि तासाभराने मिटून घरी जातात. क्लासची फी भरणे रिक्षाचालकाच्या किंवा घरकाम करणाऱ्या माउलीच्या आवाक्यातले नसते. दोन गल्ल्या सोडून एखादे निवृत्त गृहस्थ संध्याकाळी बाकावर रिकामे बसलेले असतात. त्यांना गणित येते, वेळही आहे. त्यांच्यापर्यंत निरोप पोहोचलेला नसतो, एवढेच.

चारकोप हे तर एकमेकांच्या आधाराने उभे राहिलेले ठिकाण. 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने येथे आखलेले भूखंड आणि पाणी, गटारे, रस्ते अशा सोयी दिल्या. घर ज्याचे त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे बांधायचे होते. मधल्या मोकळ्या अंगणाभोवती घरे आणि त्यांची मिळून एक सोसायटी, अशी ती रचना. तेव्हा निरोपासाठी अंगणात एक हाक पुरत असे. आता दारे बंद आणि टी. व्ही. सुरू असतो. म्हणून ती हाक टी. व्ही.तून आणि छापील पानातून यायला हवी.

वृत्तपत्राच्या दारातून रिकाम्या हाताने परतणे आपल्या समाजाला नवे नाही. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊन छापून घ्यायची तयारी होती, तरी 'केसरी'ने ती नाकारली. ही हकीकत बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवली आहे. तो नकार जातीच्या मनातून आलेला होता. आजचा प्रत्येक नकार त्याच जातीचा असतो, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. बऱ्याचदा आपला कागदच छापण्याजोगा नसतो.

एका महिला मंडळाच्या भगिनींनी स्थानिक साप्ताहिकाला दिलेले पत्र आम्ही पाहिले. दीड पानाचे पत्र. सुरुवातीला थोर पुरुषांना वंदन, मग मंडळाचा इतिहास, मग कार्यकारिणीची सारी नावे, 'यांच्या शुभहस्ते' वगैरे. शेवटच्या ओळीत शिवणवर्गाला शिकवणारी ताई हवी, असा उल्लेख. वार नाही, वेळ नाही, फोन नाही. संपादकाने ते बाजूला ठेवले, तर त्याला बोल कसा लावणार?

संपादकाची अडचणही समजून घेतली पाहिजे. छोट्या साप्ताहिकाची चूल जाहिरातींवर पेटते. फुकट जागा मागितली की तो कपाळाला आठ्या घालणारच. पण प्रत्येक अंकात कुठेतरी चार ओळींचा कोपरा रिकामा राहतो आणि पाने लावणारा माणूस तो भरायला काहीतरी शोधत असतो. केबलवाल्याची पट्टी संध्याकाळी विकली जाते, दुपारी तिला गिऱ्हाईक कमी. तेव्हा मोक्याची जागा मागू नये. रिकामा कोपरा मागावा, दुपारची वेळ मागावी. घरच्या भगिनी आणि निवृत्त मंडळी दुपारीच टी. व्ही.समोर असतात. मोठ्या दैनिकांत शहरातल्या कार्यक्रमांचे छोटे सदर असते, तिथेही दोन ओळी जाऊ शकतात. मात्र मजकूर आठ दिवस आधी पोहोचला पाहिजे.

मागणी करताना सरकारी नियमाचाही दाखला देता येतो. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2022 मध्ये उपग्रह वाहिन्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत रोज तीस मिनिटे राष्ट्रीय महत्त्वाच्या व समाजहिताच्या विषयांसाठी द्यावीत, असे सांगितले आहे. शिक्षण व साक्षरता, आरोग्य, महिलांचे व दुर्बल घटकांचे कल्याण हे विषय त्यात आहेत. आपला केबलवाला 'हा नियम आम्हाला नाही' म्हणेल, आणि त्याचे म्हणणे खरे आहे. त्याच्याशी हुज्जत घालू नये. मोठ्या वाहिन्यांकडून सरकार जे मागते, ते आपण शेजारधर्म म्हणून मागतो आहोत, एवढे सांगावे.

सूचनेने लोक घराबाहेर पडतात काय, अशी शंका काहींना येते. पोलिओ आठवा. 1995 मध्ये देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. कोणत्या दिवशी, किती वर्षांच्या मुलाला, कुठे न्यायचे, हे रेडिओ-टी. व्ही.वरून पुनःपुन्हा सांगितले गेले. वस्तीवस्तीत बूथवर बसायला आणि घरोघर फिरायला स्वयंसेवक लागले, ते मिळालेही. जानेवारी 2011 नंतर देशात पोलिओच्या मूळ (वन्य) विषाणूचा रुग्ण आढळला नाही आणि मार्च 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. लस आणि सरकारी यंत्रणा नसती तर हे झाले नसते, हे उघड आहे. पण ती सूचना कुणाच्याही लक्षात राहावी इतकी सोपी होती, ही गोष्टही लहान नव्हे.

आपली सूचना कशी असावी? आम्ही एक नमुना देतो:

'चारकोपमध्ये दहावीच्या मुलांना गणित शिकवण्यासाठी स्वयंसेवक हवे आहेत. मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी सात ते आठ. आठवड्याचे फक्त दोन तास. मानधन नाही. गृहिणी, निवृत्त, महाविद्यालयीन विद्यार्थी, कोणीही यावे. खालील क्रमांकावर संध्याकाळी फोन करा.'

सावकाश वाचली तरी अर्ध्या मिनिटात संपते. यात कुणाचे नाव नाही, फोटो नाही, देणगीचा शब्द नाही. पैशाचा उल्लेख आला की संपादक सावध होतो, आणि त्याने व्हावेच. तारीख घालताना वर्षही घाला. मोबाईलवर फिरणाऱ्या निरोपांत जुने निरोप कायम जिवंत असतात. फोनजवळ उत्तर देणारा माणूस असू द्या. येणाऱ्याची चौकशी करूनच त्याला मुलांसमोर बसवा. आणि सूचना लागल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा जाऊन किती फोन आले, किती जण टिकले, ते सांगा. सत्काराच्या नारळापेक्षा संपादकाला ही बातमी अधिक आवडते. पुढच्या वेळी तो स्वतःच विचारतो.

5 डिसेंबर हा संयुक्त राष्ट्रांनी 1985 मध्ये ठरवलेला आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन. दुसऱ्या दिवशी चैत्यभूमीवर पाणी, जेवण, औषधे देत शेकडो कार्यकर्ते राबतात. त्या दोन दिवसांत वर्तमानपत्रांना या विषयावर मजकूर हवाच असतो. तेव्हा चारकोपच्या मंडळांनी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातच आपापली गरज चार ओळींत लिहून काढावी, सुवाच्य अक्षरात तीन प्रती कराव्यात आणि साप्ताहिक, केबल व दैनिकाच्या कार्यालयात दोघा-तिघींनी स्वतः नेऊन द्याव्यात. चौथी प्रत सोसायटीच्या फलकावर लावावी.