पुराव्याला चढलेला साज

सप्टेंबर १९९० मध्ये अमेरिकेच्या पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर केन बर्न्स यांची अमेरिकन यादवी युद्धावरची ‘द सिव्हिल वॉर’ ही माहितीपट मालिका सलग पाच रात्री दाखवली गेली. सुमारे चार कोटी लोकांनी ती पाहिली. ३७ वर्षांचे बर्न्स घराघरांत पोहोचले. पुढे बेसबॉल, जॅझ, व्हिएतनाम युद्ध अशा विषयांवर त्यांच्या मालिका येत राहिल्या. एवढा विश्वास फार थोड्या माहितीपटकारांच्या वाट्याला येतो. म्हणूनच तो कशावर उभा राहिला, हे तपासले पाहिजे.

१८६१ ते १८६५ च्या त्या युद्धात कॅमेरा धावती लढाई टिपू शकत नव्हता. मागे राहिली ती छावण्यांची, सैनिकांची आणि प्रेतांची स्थिरचित्रे. बर्न्स यांनी त्यांच्यावरून कॅमेरा संथपणे फिरवला, त्यांना तोफांचे आवाज आणि पत्रांचे वाचन जोडले. प्रेक्षकांना युद्धकाळातली वाटलेली व्हायोलिनची व्याकुळ धून संगीतकार जे अंगर यांनी रचली होती १९८२ मध्ये. यात लबाडी नव्हती. पण पुरावा कुठे संपला आणि साज कुठे सुरू झाला, हे पडद्यावर कळत नव्हते.

मूळ छायाचित्रेही निष्पाप नसतात. याच युद्धातल्या गेटिसबर्गच्या रणभूमीवर छायाचित्रकार अलेक्झांडर गार्डनर यांच्या पथकाने एका सैनिकाचे प्रेत हलवून दगडांच्या आडोशाला मांडले आणि ‘नेमबाजा’चे चित्र घेतले. हे उघडकीला यायला शतक लोटले.

निवडीचा प्रश्न याहून खोल आहे. मालिकेत सर्वाधिक बोलतात ते कादंबरीकार शेल्बी फूट. इतिहासकार बार्बरा फील्ड्स यांना त्या मानाने फारच कमी वेळ मिळतो. युद्धानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांचा संघर्ष थोडक्यात आटोपल्याची टीका इतिहासकार एरिक फोनर यांनी केली. दोन्ही बाजूंच्या शौर्याची गोष्ट रंगते, तेव्हा गुलामगिरीचा हिशेब मागे पडतो.

बर्न्स यांच्या हाती निदान खरी छायाचित्रे होती. आता कृत्रिम बुद्धिमत्ता कधीच न घेतलेले छायाचित्र क्षणात तयार करते. तीच संथ चाल, तेच गंभीर निवेदन चढवले की तेही इतिहास म्हणून खपेल. उद्या शंका आली की खऱ्या छायाचित्रालाही बनावट ठरवून नाकारता येईल. म्हणून अस्सल काय आणि घडवलेले काय, हे त्या त्या दृश्यावरच लिहिण्याचे बंधन माहितीपटकारांनी स्वतःवर घालून घ्यावे. शेवटच्या श्रेयनामावलीपर्यंत थांबण्याइतका धीर प्रेक्षकाला नसतो.