शोधनिबंधांची शिरगणती आणि साथीचा हिशेब

एस्प्लनेडच्या चौकात किती माणसे जमली, हा कोलकात्याच्या राजकारणातील जुना वाद आहे. २१ जुलै १९९३ रोजी पोलिसांच्या गोळीबारात युवक काँग्रेसचे १३ कार्यकर्ते ठार झाले. त्यांच्या स्मरणार्थ ममता बॅनर्जी यांचा पक्ष या परिसरात सभा घेत आला आणि गर्दीच्या आकड्यांवरून समर्थक-विरोधकांत वाद झडत राहिले. २०२० साली या वादाला जागाच उरली नाही. साथीमुळे सभा पडद्यावर झाली आणि चौक मोकळा राहिला.

त्या वर्षी मोजणीचा वाद मृत्यूंवर येऊन ठेपला होता. तज्ज्ञ समितीने तपासलेल्या ५७ मृत्यूंपैकी १८ कोरोनाचे, उरलेले ३९ अन्य व्याधींचे, असे राज्याच्या मुख्य सचिवांनी २४ एप्रिल रोजी जाहीर केले आणि केंद्रीय पथकाशी चाललेल्या वादात तेल ओतले गेले. महाराष्ट्राने यावरून नाके मुरडण्याचे कारण नव्हते. आधी न नोंदलेले १,३२८ मृत्यू १६ जून रोजी एकदम यादीत घालण्याची वेळ तेथील प्रशासनावर आली होती, आणि त्यांतील ८६२ एकट्या मुंबईतले होते. मृत्यूंच्या आकड्यांमागील राजकारण साऱ्यांना दिसले. संशोधनाची प्रदेशवार मोजदाद मात्र निरुपद्रवी कारकुनी मानली जाते. ती तशी नाही.

या मोजदादीची रीत साधी आहे: निबंधावरील लेखकाचा पत्ता पाहायचा आणि निबंध त्या शहराच्या खात्यावर मांडायचा. 'नेचर इंडेक्स'च्या २०२४ च्या शहरवार यादीत कोलकाता ८४ वे, बंगळूरू ८५ वे आणि मुंबई ९८ वी आली. कोलकात्यात त्याचा आनंद साजरा झाला, तो स्वाभाविकच. पण हा निर्देशांक निवडक नियतकालिकांपुरता आहे आणि आरोग्यविज्ञानाची खास नियतकालिके त्यात दाखल झाली ती २०२३ मध्ये. म्हणजे साथ ऐन भरात असताना या मापाला वैद्यकाचा बराचसा भाग दिसतच नव्हता. सरसकट सगळे मोजावे, तर त्या काळातील पुरात काय काय वाहून आले तेही आठवावे लागते. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरील निबंध 'लॅन्सेट'ने २२ मे २०२० रोजी छापला आणि ४ जून रोजी तो मागे घेण्यात आला. विषाणूचे एचआयव्हीशी साम्य सांगणारा दिल्लीतील संशोधकांचा मसुदा तर दोनच दिवस टिकला.

खरी अडचण पत्त्याची आहे. कोव्हॅक्सिन हे त्याचे ठळक उदाहरण. विषाणू वेगळा केला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, लस बनवली हैदराबादच्या कंपनीने आणि तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीतील २५,८०० स्वयंसेवकांपैकी काही कोलकात्याच्या बेलेघाटा येथील 'नायसेड' या संस्थेने घेतले. तेथे २ डिसेंबर २०२० रोजी चाचणी सुरू झाली तेव्हा राज्याचे मंत्री फिरहाद हकीम यांनी पहिली मात्रा घेतली आणि समारंभाला राज्यपाल जगदीप धनखड उपस्थित होते. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या दोन गोटांना लसीने काही काळ एका छताखाली आणले. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निबंध आला, त्याच्या लेखकांत तिन्ही शहरांतील संशोधक आहेत. प्रत्येक शहराला पूर्ण गुण द्यायचा तर एका निबंधाचे तीन होतात. लेखकसंख्येने भागायचे तर कोलकात्याच्या वाट्याला चिमूटभर अपूर्णांक येतो. साथीतील काम असे शहरांत वाटलेले असणे नवे नाही. हाफकिन यांनी पटकीची लस १८९४ मध्ये कोलकात्याच्या वस्त्यांत आजमावली, प्लेगची लस १८९७ मध्ये मुंबईत स्वतःला टोचून घेतली. नाव राहिले ते परळच्या संस्थेला.

जे काम निबंधापर्यंत पोहोचत नाही त्याची तर नोंदच नाही. नदिया जिल्ह्यातील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकविज्ञान संस्थेने २०२० मध्ये देशभरातील एक हजार विषाणूंच्या जनुकक्रमांच्या प्रकल्पाचे समन्वयन केले. डिसेंबरात 'इन्साकॉग' हा दहा प्रयोगशाळांचा गट स्थापन झाला, त्यात कल्याणी होती आणि पुण्याच्या दोन संस्था होत्या. पुढे 'डेल्टा' ज्या घराण्यात निघाला, त्याचे पहिले नमुने महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२० मध्ये सापडले होते. जागतिक आरोग्य संघटनेने हे नाव दिले ३१ मे २०२१ रोजी. मधल्या काळात क्रम वाचून माहितीकोशात जमा करणाऱ्या तंत्रज्ञाच्या कामाला शोधनिबंधांच्या यादीत शून्य किंमत आहे.

येथेच केंद्र-राज्य संबंधांचा पेच आहे. कोलकात्याच्या क्रमांकामागील बव्हंशी संस्था केंद्राच्या पैशावर चालतात. महाराष्ट्रातही विषाणुविज्ञान संस्था, टाटा मूलभूत संशोधन संस्था, भाभा अणुसंशोधन केंद्र यांची तीच कथा. श्रेयाचे फलक मात्र राज्ये लावतात. उलट राज्यांची वैद्यकीय महाविद्यालये साथीत खाटा, नमुने आणि रुग्ण यांत इतकी गुंतली की निबंध लिहिण्यास तेथे उसंत नव्हती. म्हणजे पत्त्यावरून केलेली गणती बऱ्याच अंशी केंद्राने कोठे किती खर्च केला हेच सांगते. दिल्लीत बसून मूल्यमापनाचे तक्ते आखणाऱ्या अधिकाऱ्यांना, त्यांत मराठी अधिकारीही आले, हे ठाऊक नसते असे नाही.

एस्प्लनेडहून मेट्रोने पूर्वेकडे एकच स्थानक गेले की सियालदह. तेथील नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयात शंभुनाथ डे यांनी १९५० च्या दशकात सशांवरील प्रयोगांतून पटकीच्या संशोधनाला वेगळी दिशा दिली आणि १९५९ मध्ये, कलकत्ता मेडिकल कॉलेजमध्ये असताना, पटकीच्या विषद्रव्याचा निबंध 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केला. देशातील एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य केले नाही. १९८५ मध्ये ते वारले. त्यांच्या निबंधाकडे आरंभी दुर्लक्ष झाले, हे पुढच्या वर्षी लिहिले ते युजीन गारफील्ड यांनी, म्हणजे संदर्भ मोजण्याची पद्धत ज्यांनी रूढ केली त्यांनीच. दिलीप महालनबीस यांचीही गोष्ट तशीच. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासितांत त्यांनी मीठ-साखरेचे पाणी वापरले. ३,७०० हून अधिक रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आले; एरवी ते ३० टक्क्यांच्या आसपास होते. निबंध निघाला १९७३ मध्ये, बाल्टिमोरच्या नियतकालिकात. पद्मविभूषण जाहीर झाले २०२३ मध्ये, मरणोत्तर.

शिक्षण मंत्रालयाच्या एनआयआरएफ क्रमवारीत २०२५ पासून मागे घेतलेल्या निबंधांबद्दल गुण वजा होऊ लागले, ही इष्ट सुधारणा आहे. शोधनिबंध, त्यांचे संदर्भ, पेटंटे आणि प्रकल्पांचा पैसा यांना त्या तक्त्यात रकाने आहेत. साथीत तपासलेल्या नमुन्यांना आणि जमा केलेल्या जनुकक्रमांना अजून रकाना नाही.