शिष्य कोणाचा?

गतवर्षी आमच्या तालमीतील एक मुलगा शेजारच्या गावी गेला आणि तेथील वस्तादांकडून एक नवा डाव शिकून आला. कौतुक तर दूरच राहिले. आम्ही सोबत्यांनी त्याच्याशी महिनाभर अबोला धरला. ‘हा फितूर झाला’ असे म्हणणाऱ्यांत मीही होतो. पुढे एका जपानी शिक्षकाचे चरित्र वाचनात आले आणि त्या अबोल्याची मला लाज वाटू लागली.

मिनोरु मोचिझुकी यांचा जन्म १९०७ सालचा. जिगोरो कानो यांनी स्थापन केलेल्या ‘कोदोकान’ या ज्युदोच्या विद्यालयात ते तरुणपणीच नावारूपास आले. १९३० साली कानो हे मोरिहेई उएशिबा यांची कला पाहावयास गेले. हीच कला पुढे ‘आयकिडो’ या नावाने प्रसिद्धीस आली. उएशिबा वयाने कानोंहून तेवीस वर्षांनी लहान. तथापि त्यांचे कौशल्य पाहून कानो प्रसन्न झाले आणि त्यांनी मोचिझुकींसारखा उमदा शिष्य आपण होऊन त्यांच्याकडे शिकावयास धाडला!

कानोंच्या ठायी हे औदार्य होते, याचे मला नवल वाटत नाही. ते स्वतः जुजुत्सूच्या दोन भिन्न परंपरांत शिकले होते, आणि त्या विद्येच्या पायावरच त्यांनी १८८२ साली ज्युदोची उभारणी केली होती.

मोचिझुकींनी १९३१ साली शिझुओका येथे ‘योसेइकान’ ही आपली शाळा काढली. तेथे ज्युदो, आयकिडो आणि तलवारीची विद्या एकाच छपराखाली नांदू लागल्या. १९५१ साली ते फ्रान्सला गेले व तेथे ज्युदोबरोबर आयकिडोचेही धडे देऊ लागले. युरोपास या कलेची प्रथम ओळख करून देणारे शिक्षक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. मग कानोंनी शिष्य गमावला, असे कोण म्हणेल?

यावर कोणी म्हणेल की, दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्यास एकही विद्या धड साधत नाही. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु धरसोड निराळी आणि ज्ञानाची तहान निराळी. मोचिझुकींचा ज्युदोचा पाया आधी पक्का झाला होता. दुसऱ्या दारी गेले म्हणून त्यांनी पहिले दार लोटून घेतले नाही.

आपल्याकडे एकलव्याच्या अंगठ्याची कथा आहे, तशीच चोवीस गुरू करणाऱ्या अवधूताचीही आहे. शिष्य ही गुरूची मालमत्ता नव्हे, हे दुसऱ्या कथेने शिकविले. आपण मात्र पहिलीच अधिक आळवीत बसलो.

तो मुलगा आता भेटेल, तेव्हा मी प्रथम त्याची क्षमा मागणार आहे. आणि मग तो डाव मलाही शिकव, असे म्हणणार आहे.