उघड काय, हे कोणाच्या डोळ्यांनी पाहायचे?

पेटंट म्हणजे समाजाने शोधकाला ठराविक मुदतीपुरती दिलेली मक्तेदारी. तिची किंमत ग्राहक मोजतो. म्हणून मोबदल्यात समाजाच्या पदरात नवे ज्ञान पडले पाहिजे. त्या क्षेत्रातील जाणकाराला जे सहज सुचले असते, त्यावर पेटंट देणे म्हणजे सार्वजनिक वाटेवर खाजगी जकातनाका बसविणे होय.

मिर्झापूरच्या भांडी-उत्पादकांच्या वादात हाच प्रश्न होता. लेथवर भांडे धरण्याच्या पद्धतीचे पेटंट अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी रद्द केले. अपिलात खंडपीठाने ते वाचविले. डिसेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा रद्द ठरविले. जुन्या साधनांची किरकोळ फेररचना हे कारागिराचे कसब आहे, शोध नव्हे. आणि पेटंट मिळाले एवढ्यावरून ते वैध ठरत नाही, हा त्या निकालाचा आशय.

भांड्याच्या जागी औषध आले की हा प्रश्न जिवाचा होतो. इतर औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरील बेडाक्विलिनचे मूळ पेटंट २०२३ मध्ये संपणार होते. त्याच औषधाच्या एका क्षारावर दुसरे पेटंट मागून जॉन्सन अँड जॉन्सन कंपनी मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबवू पाहत होती. क्षयातून बऱ्या झालेल्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी हरकत घेतली, आणि मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. सावद्याच्या केळीबागेत राबणाऱ्या मजुराला असा क्षय जडला, तर त्याचे औषध स्वस्त होण्याची वाट अशा हरकतींनीच मोकळी होते. वर्षानुवर्षे अपील लढविण्याची ऐपत त्याच्यापाशी नाही.

संशोधनाला मोबदला नको, असे कोणीच म्हणत नाही. पण एकाच शोधाचा मोबदला दोनदा का द्यावा? तरीही २०२४ च्या नियमांनी पेटंट मंजूर होण्यापूर्वीच्या हरकतीवर शुल्क बसविले आणि तिची दखल घ्यावी की नाही, याची प्राथमिक छाननीही लादली. मक्तेदारी मागणाऱ्याने फी भरावी, हे न्याय्य आहे. जनतेच्या वतीने तिला अडविणाऱ्यानेही भरावी, हा कोणता न्याय? हे शुल्क रद्द झालेच पाहिजे. उघड गोष्टीला उघड म्हणण्याचा अधिकार विकत घ्यावा लागू नये.