उजनीकाठचा हिवाळा

मार्गशीर्ष लागला की भिगवणच्या पेठेत सकाळ उशिरा दिसू लागते. सूर्योदय सातच्या सुमारास होतो. पण उजनीच्या पाण्यावरचे धुके रस्त्यापर्यंत आलेले असते. ज्या घरी नवकारसी पाळली जाते, तेथे आकाशाकडे न पाहता पंचांग आणि घड्याळ पाहून ४८ मिनिटे मोजावी लागतात. दुकान उघडते तेव्हा पायरी दवाने ओली असते. पहिले गिऱ्हाईक बहुधा बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातले. उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीत रात्र काढून आलेले हे लोक तेल, चहापत्ती आणि गूळ नेतात. लहान मूल काखेत असले, तर घरातून एखादे जुने स्वेटर बाहेर येते. त्याची नोंद वहीत होत नाही.

भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि पळसदेवसारखी गावे जुनी जागा सोडून वर सरकली. पाणी फार ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ पुन्हा उघडे पडते. धरणाचा साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. म्हणूनच उन्हाळ्यात येथे ‘धरण उणेमध्ये गेले’ हे शब्द भाजीच्या भावासारखे सहज बोलले जातात.

हिवाळ्यात मात्र प्रश्न उलटा असतो. कच्छच्या रणाकडून येणारे रोहित पक्षी चोच उलटी करून उथळ पाण्यातला गाळ गाळतात व त्यातले अन्न टिपतात. खोल पाणी त्यांच्या कामाचे नाही. पाऊस लांबून जलाशय काठोकाठ राहिला, तर ते उशिरा येतात. हिमालय ओलांडून येणाऱ्या पट्टकादंबांचे एवढे अडत नाही. पण पुण्यामुंबईचा पाहुणा पहाटे गाडी काढतो तो रोहितांसाठी. कुंभारगावचे मच्छीमार या दिवसांत जाळी बाजूला ठेवून होडीतून पाहुणे फिरवतात, घरी पिठलंभाकरी वाढतात. जो माणूस पावसाळ्यात मासळीवर जगतो, त्याच्या हिवाळ्याचे हे उत्पन्न जिवंत पक्ष्यावर उभे असते. अहिंसा मानणाऱ्या दुकानदाराला या दिवसांतली उधारी देताना मनात जो हलकेपणा वाटतो, तो बोलून दाखवायचा नसतो.

अडचण अशी, की त्याच वहीत ऊस आणि डाळिंब लावणाऱ्या बागायतदाराचेही खाते असते. रब्बीचे आवर्तन सुटले, नदीत पाणी सोडले, की काठ मागे सरतो. उथळ पाण्यात पक्षी उतरतात आणि बागायतदाराला मात्र मोटार पुढे न्यावी लागते, केबल व पाइप वाढवावे लागतात. हा खर्च तो पुन्हा पेठेतूनच, बहुधा उधारीवर करतो. पाइप विकणाऱ्याला त्यात नफा आहे खरा. पण वसुली उसाच्या बिलावर अवलंबून, आणि बिल कारखान्यावर.

दोन्ही गिऱ्हाइके एकाच बाकावर बसलेली सापडतात. होडीवाला म्हणतो, “शेठ, पाणी अजून हटंना.” बागायतदार चहाचा पेला खाली ठेवीत म्हणतो, “हटू नये म्हणून मी नवस बोललोय.” दोघेही हसतात. दोघांच्याही आजोबांची जमीन त्याच पाण्याखाली गेलेली असल्यामुळे हे हसणे फार लांबत नाही. दुकानदाराने अशा वेळी कोणाची बाजू घ्यावी? बहुतेक जण वजनाचा काटा पुसू लागतात.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. नेमकी हीच गर्दीची वेळ. उसाच्या फडातून माणसे परततात, होड्या काठाला लागतात. चौविहार पाळणाऱ्या घरात मग पाळ्या लागतात. पाच वाजता थोरले शेठ जेवायला आत जातात, ते येताच मुलगा उठतो, आणि गल्ल्यावर तेवढा वेळ सूनबाई बसतात. होडीवाल्यांना ही वेळ ठाऊक असते. आज चार पाहुणे मिळालेला एकजण पायरीशी थांबून राहतो. “शेठजींचं होऊ द्या निवांत,” तो म्हणतो, आणि ओल्या हातातली पाचशेची नोट खिशात न ठेवता तशीच धरून उभा राहतो.