सायकल भंगारात देण्याआधी

कडावजवळच्या आमच्या घराच्या पडवीत वडिलांची सायकल बरीच वर्षे भिंतीला टेकून उभी होती. काळी, चोवीस इंची, सळीच्या ब्रेकची. मागच्या मडगार्डला एक मोठा पोचा होता. वडील गेल्यावर काही वर्षांनी घर रंगवायला काढले, तेव्हा मी ती भंगारवाल्याला देऊन टाकली. त्याने ती काट्यावर ठेवली, लोखंडाच्या भावाने पैसे मोजले आणि टेम्पोत चढवली. घरात कोणी हळहळले नाही. पडवी मोकळी झाली म्हणून सगळ्यांना बरेच वाटले.

हे आठवले ते पुण्यात. कर्वेनगरमध्ये विक्रम पेंडसे यांनी आपल्या संग्रहातल्या जुन्या सायकलींचे संग्रहालय उभे केले आहे. २०१७ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. एका माणसाने छंदापायी जमवलेल्या शंभराहून अधिक सायकली तेथे पाहायला मिळतात. या संग्रहाची सुरुवात झाली ती 'बीएसए पॅराट्रूपर' या सायकलीपासून. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी तयार केलेली ही सायकल. दोन नट सैल केले की तिचा सांगाडा मधोमध दुमडतो. १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या काही सैनिकांबरोबर अशा सायकली होत्या. बीएसए ही मुळात बर्मिंगहॅमची बंदुका बनवणारी कंपनी. लहानपणी त्या सायकलींवर तीन बंदुकांचे चिन्ह पाहून आम्हाला नवल वाटायचे, त्याचे कारण हे.

अशा संग्रहाबद्दल आपल्याकडे दोन प्रकारची मते ऐकू येतात. कोणी म्हणते, 'हौसेला मोल नाही.' कोणी म्हणते, 'गंजलेले लोखंड जपून काय मिळवायचे?' दिनकर केळकर घरोघरचे दिवे, अडकित्ते आणि जुने दरवाजे गोळा करत होते, तेव्हा त्यांनाही असे बोल ऐकावे लागलेच असतील. पण १९७५ मध्ये त्यांचा संग्रह राज्य सरकारकडे गेला आणि आज पुण्याला आलेला पाहुणा 'केळकर म्युझियम' पाहिल्याशिवाय परतत नाही. तलवारी आणि सिंहासने जपायला राजे असतात. सामान्य माणसाच्या वापरातली वस्तू मात्र अशा एखाद्या छंदिष्टानेच जपायची असते. सरकारचे किंवा विद्यापीठाचे लक्ष तिकडे जाईपर्यंत ती वस्तू वितळून गेलेली असते.

तरीही त्या संग्रहालयातून बाहेर पडताना एक गोष्ट मनाला टोचत राहिली. सायकल कोणत्या कंपनीची, कोणत्या साली बनली, हे जाणकाराला सांगता येते. तिचा ब्रेक कसा, दिवा कोणता, हेही कळते. पण ती कोणी चालवली, कशासाठी चालवली, हे ज्या घरातून ती आली त्या घरानेच सांगायला हवे. आणि आपण, म्हणजे तुम्ही-आम्ही, ते सांगतच नाही.

आमच्या कर्जत-खालापूर भागाचेच पाहा. या दोन तालुक्यांत सायकल ही हौस कधीच नव्हती. आसपासच्या गावांतले चाकरमाने पहाटे अंधारात कर्जत, भिवपुरी किंवा नेरळ स्टेशन गाठायचे, सायकल स्टँडवर लावायचे आणि लोकल पकडायचे. रात्री परत आले की शंभर सायकलींतून आपली सायकल हात लावून ओळखायची. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून दूधवाले हिंडायचे. भाताची गोणी दांड्यावर आडवी टाकून गिरणीपर्यंत ढकलत न्यायची. खोपोलीत कारखान्याच्या भोंग्याबरोबर सायकलींचा लोंढा रस्त्यावर यायचा. पावसाळ्यात तर चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल असा बसायचा की सायकलवर बसण्याऐवजी तिलाच खांद्यावर घ्यावे लागे.

याच खोपोलीतून बोरघाट चढत मुंबई-पुणे सायकल शर्यत जायची. घाटात सर्वांत पुढे राहणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणत. ज्या रस्त्याने शर्यत जायची, त्याच रस्त्याच्या कडेला कामावरून परतणारे लोक आपापल्या सायकली धरून टाळ्या वाजवायला उभे असत. शर्यतीच्या राजांची नावे वर्तमानपत्रांत छापून आली. कडेला उभ्या असलेल्यांची कुठेच नाहीत.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. या लोकांना सायकलीचे फारसे कौतुक नव्हते. माझ्या वडिलांना कोणी मोटरसायकल दिली असती, तर त्यांनी सायकलीकडे वळूनही पाहिले नसते. 'काय ते सुंदर दिवस' असे म्हणणाऱ्याने एकदा जुलै महिन्यात समोरच्या वाऱ्यात पायडल मारून पाहावे. तेव्हा सायकल जपायची ती गोड आठवण म्हणून नव्हे. आपले घर कोणाच्या पायांच्या जोरावर उभे राहिले, याचा पुरावा म्हणून जपायची.

आणि त्या सायकलीबरोबर एक विद्याही चालली आहे. चाक वाकडे फिरू लागले की त्याचा 'आउट' काढावा लागतो. मिस्त्री चाक फिरवून रिमकडे नजर लावून बसतो. रिम ज्या बाजूला झुकली असेल, तिकडची तार थोडी सैल करायची आणि समोरच्या बाजूची तेवढीच आवळायची. पुन्हा फिरवायचे, पुन्हा बघायचे. हे पुस्तकात वाचून येत नाही, त्याला हात बसावा लागतो. अशा मिस्त्रींची मुले आता दुचाकींच्या गॅरेजात काम करतात. त्यात चूक काही नाही, पोट भरायलाच हवे. तिकडे कारखान्यांचीही तीच तऱ्हा. ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकलदिनी, 'अॅटलस'चा साहिबाबादचा कारखाना बंद पडला.

मग करायचे काय? प्रत्येकाने पडवीत सायकली साठवाव्यात, असे मी म्हणणार नाही. घरात जागा नसते, हे मलाही समजते. पण देण्याआधी एक रविवार तिच्यासाठी काढावा. आजोबांना, आजीला, शेजारच्या काकांना तिच्याभोवती बसवावे. कुठून घेतली, पैसे कसे जमवले, रोज कुठे जायची, कोण कोण तिच्यावर शिकले, केव्हा पडले, हे विचारून वहीत लिहून ठेवावे. हातातल्या फोनवर तिचा एक फोटो काढावा. शाळेतल्या मुलांना असा प्रकल्प दिला, तर एका वर्षात तालुक्याचा इतिहास गोळा होईल. संग्राहकांनाही एक विनंती. जुनी सायकल घेताना भंगाराचा भाव सांगू नये. तिचे खरे मोल तुम्हाला ठाऊक असते, विकणाऱ्याला नसते. त्याला वाजवी पैसे द्यावेत आणि सायकलीबरोबर त्याच्याकडून तिची हकीकतही मागून घ्यावी.

हा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही, हे उघड आहे. पुण्याहून परतल्यावर मी आईला सहज विचारले, 'आपल्या सायकलीला तो पोचा कशाने आला होता गं?' आई आधी हसली. मग म्हणाली, 'माझ्यामुळे.' लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, घरातली वडीलधारी मंडळी झोपल्यावर, वडील तिला मागच्या खळ्यात सायकल शिकवायचे. चांदणे असेल त्या रात्रीच. ते मागून कॅरिअर धरायचे. एके रात्री त्यांनी हात सोडला आणि आई चार हात पुढे जाऊन दगडी बांधावर आदळली. सकाळी सासऱ्यांनी विचारले, तेव्हा वडिलांनी सांगितले, 'रात्री स्टँडवरून पडली.'

'मग शिकलीस का?' मी विचारले.

'शिकले की,' आई म्हणाली. 'पण दिवसा कधी चालवली नाही.'

तो पोचा मी चाळीस वर्षे पाहत होतो.