न पाहिलेल्या यंत्राचे मदतनीस

गेल्या हिवाळ्यात जयपुरास थोरल्या बहिणीकडे आठवडाभर राहण्याचा योग आला. तिचे घर शहराच्या पश्चिमेकडील वैशाली नगर या वसाहतीत, आम्रपाली सर्कलपासून दहा मिनिटांच्या पायवाटेवर आहे. भावोजी बँकेतून निवृत्त झाले आहेत, आणि भाची अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दुसऱ्या रात्री पाणी प्यायला उठले, तो भाचीच्या खोलीच्या दाराखालून उजेड दिसला. रात्रीचा एक वाजून गेला होता. शाल पांघरून ती संगणकापुढे बसली होती आणि पडद्यावर निळ्या स्तंभांचा एक आलेख होता.

"अगं, परीक्षा आहे का?" मी विचारले.

"नाही गं मावशी, मोजणी अडकली आहे," ती म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

सकाळी पोह्यांच्या बशा पुढे आल्या, तेव्हा भावोजींनी मन मोकळे केले. "महिना झाला, पोरगी रात्री जागते आहे. कुणासाठी, तर स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांसाठी! ते हिला ओळखत नाहीत, पगार देत नाहीत, साधे प्रमाणपत्रही देत नाहीत. नोकरीच्या मुलाखती तोंडावर आल्या आहेत. यातून पदरात काय पडणार, ते तुम्हीच तिला विचारा." प्रश्न बापाचा होता आणि रास्त होता. आठवडाभर मी भाचीला प्रश्न विचारीत राहिले. जे समजले ते वाचकांपुढे ठेवते.

जिनीव्हाजवळ, स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सीमेवर, सर्न ही मूलकणांच्या संशोधनाची संस्था १९५४ साली स्थापन झाली. तिथे जमिनीखाली २७ किलोमीटर परिघाचे एक वर्तुळाकार यंत्र आहे. त्यात प्रोटॉनांचे पुंजके विरुद्ध दिशांनी जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरवतात आणि एकमेकांवर आदळवतात. यंत्र पूर्ण भरात असताना सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा हे पुंजके एकमेकांतून जातात. ४ जुलै २०१२ रोजी ज्या हिग्ज कणाच्या शोधाची घोषणा झाली, तो याच यंत्राने सापडला. कण काही डोळ्यांना दिसत नाही. शोधक यंत्रांतून विद्युत्संकेत येतात. त्यांतून कणाचा मार्ग, ऊर्जा आणि जात ओळखायची तर संगणकाला लक्षावधी ओळींच्या आज्ञा द्याव्या लागतात. या आज्ञांच्या मालिकेला आज्ञावली किंवा प्रोग्रॅम म्हणतात. चुंबक आणि तारा हे या प्रयोगाचे शरीर मानले, तर त्याची अर्धी बुद्धी आज्ञावलीत असते.

या आज्ञावली कुलपात ठेवलेल्या नाहीत, हे ऐकून मला नवल वाटले. नोंदींची मांडणी आणि विश्लेषण करणारी 'रूट' ही आज्ञावली रने ब्रुन आणि फॉन्स राडेमाकर्स यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यावर सुरू केली. कण पदार्थातून जाताना काय काय घडेल याचे गणित करणारी 'जीअँट-४' १९९८ च्या अखेरीस प्रथम प्रसिद्ध झाली. किरणोपचाराच्या आणि अंतराळयानांच्या संशोधनातही तिचा उपयोग होतो. या दोन्हींचा मूळ मजकूर कोणीही वाचावा, वापरावा, बदलावा, असा त्यांचा परवाना आहे. सर्नला ही रीत नवी नव्हती. ज्या वर्ल्ड वाइड वेबवर आज रेल्वेचे आरक्षण होते, त्याचा आराखडा टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्येच १९८९ साली मांडला आणि ३० एप्रिल १९९३ रोजी संस्थेने त्याची आज्ञावली सर्वांसाठी विनामूल्य खुली केली.

मजकूर खुला असला की परकाही त्यात हात घालू शकतो, आणि असे हात घालणारे अनेक प्रकारचे आहेत. काही जण नुसता आपला संगणक उसना देतात. सर्नने २००४ साली, आपल्या पन्नासाव्या वर्षी, 'एलएचसी ॲट होम' हा उपक्रम सुरू केला. घरचा संगणक रिकामा असताना यंत्रातील कणांच्या लाखो फेऱ्यांचे गणित करतो आणि उत्तर जिनीव्हाला पाठवतो. मालकाला काही करावे लागत नाही. काही जण स्पर्धेत उतरतात. २०१४ साली सर्नच्या 'ॲटलस' प्रयोगाने कृत्रिमरीत्या तयार केलेल्या नोंदी जाहीर करून त्यांतून हिग्ज कणाच्या खुणा वेगळ्या काढण्याचे आव्हान जगाला दिले. त्यात १,७८५ संघ उतरले आणि पहिला आला गाबोर मेलिश हा हंगेरियन प्रोग्रॅमर. त्याच वर्षी सर्नने खऱ्या टकरींच्या नोंदीही लोकांसाठी खुल्या करण्यास आरंभ केला, आणि २०१७ साली अमेरिकेतील काही सिद्धान्ती भौतिकशास्त्रज्ञांनी, प्रयोगाचे सभासद नसताना, त्या नोंदींवरून शोधनिबंध प्रसिद्ध केला.

भाचीचा प्रकार याहून साधा आहे आणि, माझ्या मते, अधिक कठीण. आज्ञावली वाचायची, चूक किंवा उणीव शोधायची, दुरुस्ती लिहून पाठवायची, आणि ती स्वीकारली जाण्याची वाट पाहायची. उन्हाळ्यात विद्यावेतन देऊन अशा कामावर नवख्यांना घेणारी गूगलची एक योजना आहे. सर्न तिच्यात २०११ पासून भाग घेत आले आणि भारतीय तरुणांची संख्या त्या योजनेत नेहमीच लक्षणीय राहिली आहे. मात्र ज्याला मोबदला मिळतो त्याला स्वयंसेवक म्हणावे की उमेदवार, हा प्रश्न मी भाचीला विचारला तेव्हा ती हसली. तिला ते विद्यावेतन मिळालेले नाही.

आता त्या अडकलेल्या मोजणीविषयी. कोणत्या आज्ञावलीतील ती होती हे इथे महत्त्वाचे नाही, कारण चूक आज्ञावलीची नव्हतीच. भाची सरावासाठी घडवलेल्या घटनांची मोजदाद करीत होती. एक स्तंभ वाढत वाढत १,६७,७७,२१६ वर आला आणि थांबला. घटना येत होत्या, आकडा मात्र हलत नव्हता. यंत्राने तक्रार केली नाही की तांबडा दिवा लावला नाही. तीन रात्री तिने नोंदी तपासल्या.

कारण असे. जागा वाचावी म्हणून संगणक पुष्कळदा संख्या एका आखूड पद्धतीने साठवतो. तीत संख्येच्या मुख्य भागाला शून्य आणि एक यांची फक्त २४ घरे मिळतात. हे मी भावोजींना त्यांच्या भाषेत सांगून पाहिले. खातेवहीत आकड्यासाठी सातच रकाने आखलेले असले आणि शिल्लक कोटीच्या घरात गेली, तर डावीकडचे सात अंक मांडल्यावर एकं लिहायला रकाना उरत नाही. मग कोणी एक रुपया जमा केला तरी वहीत फरक पडत नाही. संगणकाची ती हद्द बरोबर १,६७,७७,२१६ वर येते. तिथे एक मिळवला तर उत्तर पुन्हा १,६७,७७,२१६ च. जिनीव्हाच्या यंत्रातील पुंजक्यांची प्रत्येक भेट अशा एकाच स्तंभात मोजायची ठरवली, तर अर्ध्या सेकंदाच्या आत मोजणी ठप्प होईल. जाणकार अशा ठिकाणी लांब पद्धत वापरतात. नवख्याला ते कोणी सांगावे?

भाचीने ठरवले की आपण सांगावे. नवशिक्यांसाठी असलेल्या एका उदाहरणपाठात तिने चार ओळींची सूचना लिहून पाठवली. पाठवताच प्रथम यंत्रानेच वेगवेगळ्या संगणकप्रणालींवर चाचण्या घेतल्या. मग देखभाल करणाऱ्यांपैकी एका अनोळखी माणसाने मजकूर वाचून परत केला. हे दुसरीकडे लिहिलेलेच आहे, तिकडे बोट दाखवा आणि ओळी कमी करा, असा त्याचा शेरा होता. पोरगी दोन दिवस खट्टू होती. तिसऱ्या दिवशी तिने दोन ओळी करून पाठवल्या, आणि अकराव्या दिवशी त्या स्वीकारल्या गेल्या. महिनाभराच्या जागरणाचे फळ म्हणजे दोन ओळी!

आमच्या पिढीने विज्ञानाच्या कथा ऐकल्या त्या एकेका थोर पुरुषाच्या. त्यामुळे दोन ओळींचे मोल कसे करावे ते आम्हांस समजत नाही. परंतु जयपुरात बसून याचा विचार करताना मला सवाई जयसिंहाची आठवण झाली. त्याच्या जंतरमंतरातील दगडी यंत्रे आज प्रवासी पाहतात. त्याने केलेले दुसरे काम फारसे कोणी सांगत नाही. त्याने पोर्तुगालला मंडळ पाठवले आणि १७३० च्या सुमारास ते फ्रेंच ज्योतिषी द ला हीर याची ग्रहकोष्टके घेऊन परतले. जयसिंहाने ती आपल्या वेधांशी ताडून पाहिली आणि चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक असल्याचे आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत नोंदवून ठेवले. त्याच्याच पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राट या पंडिताने (तो मूळचा महाराष्ट्रातला होता असे सांगतात) युक्लिडची भूमिती अरबीवरून संस्कृतात आणली. ज्या माणसाला आपण कधी पाहिले नाही त्याचे गणित तपासावे आणि चूक दिसली तर लिहून ठेवावी, हा व्यवहार या शहराला तीनशे वर्षांपूर्वीही ठाऊक होता. फरक इतकाच की जयसिंहाची दुरुस्ती द ला हीरपर्यंत पोचण्याचा मार्ग नव्हता. तो तर १७१८ सालीच वारला होता.

भाचीला हे काम सुचले तेही अगदी अधांतरी नव्हे. तिच्या घरापासून शहराच्या दुसऱ्या अंगाला राजस्थान विद्यापीठ आहे. तिथले भौतिकशास्त्रज्ञ १९९० च्या दशकापासून सर्नच्या प्रयोगांत आहेत. सर्नच्या 'ॲलिस' प्रयोगात फोटॉनांची संख्या मोजणारे मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या घरांचे एक शोधक यंत्र होते. ते कोलकाता, भुवनेश्वर, चंडीगड, जम्मू आणि जयपूर येथील संस्थांनी व मुंबईच्या आयआयटीने मिळून उभारले होते. भारत २०१७ च्या जानेवारीत सर्नचा सहयोगी सभासद झाला, तो असल्या कामाच्या पुण्याईवर. मुंबईकरांना या नात्याचे मूळ आणखी मागे सापडेल. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली 'टिफ्रॅक' हा स्वदेशी संगणक चालू केला, तेव्हा त्याची स्मृती अवघ्या २,०४८ शब्दांची होती. त्या काळी आज्ञावली तपासायची तर मुंबईतच असावे लागे. आता वैशाली नगरच्या खोलीतून ते होते.

येथवर वाचून कोणास वाटेल की मी भाचीची वकिली करते आहे. म्हणून दुसरी बाजूही सांगते. स्वयंसेवक येतात आणि जातात; त्यांनी लिहिलेले पुढे वीस वर्षे सांभाळायचे काम मागे राहणाऱ्या थोड्यांवर पडते. नवख्यांच्या कच्च्या दुरुस्त्या वाचण्यातच त्यांचा वेळ सरतो. शिवाय श्रेयाचा हिशेब सरळ नाही. हिग्ज कणाच्या वस्तुमानाविषयी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधावर ५,१५४ लेखकांची नावे आहेत. ३३ पानांपैकी २४ पाने केवळ नावांची आणि संस्थांची! ज्या आज्ञावलींनी ती गणिते केली, त्यांत परक्यांनी केलेल्या बारीकसारीक दुरुस्त्यांची नोंद त्या पानांत नसते. ती आज्ञावलीच्या इतिहासात, तारखेसह, एका ओळीत राहते. नोकरीच्या मुलाखतीत ती ओळ कितपत वाचली जाईल, हे मला भावोजींना खात्रीने सांगता आले नाही. जाणते लोक ती वाचतात, असे भाची म्हणते. परीक्षा संपेपर्यंत रात्री अकरानंतर संगणक बंद, असा तह मी उभयतांमध्ये घडवून आणला. तो किती दिवस टिकला ते बहिणीने कळवलेले नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री भावोजी दिवाणखान्यात एकटेच बसले होते. मागच्या महिन्याचे कॅलेंडरचे पान उलटे करून त्यावर पेन्सिलीने काही मांडीत होते. मी जवळ गेले. एकापासून आरंभ करून ते आकडा दुप्पट करीत चालले होते. डाव्या बाजूला पायऱ्यांचे क्रमांक, उजवीकडे बेरजा, बँकेतल्या वळणदार अक्षरांत. चोविसाव्या पायरीला १,६७,७७,२१६ आले. त्यांनी त्याखाली दोन रेघा ओढल्या, चष्मा काढला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "बरोबर आहे गं तुझा आकडा."